पूजेविना देव : ‘तुंबाड’चा हस्तर आणि प्रेक्षकांचा प्रश्न

राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. मधल्या काळात प्रेक्षकांमध्ये जी चर्चा वाढत गेली, तिच्यात एक प्रश्न वारंवार विचारला गेला, तो म्हणजे हस्तर हा देव कोणत्या पुराणात आहे. तो कोणत्याही पुराणात नाही. चित्रपटामागे नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा आहे, ती कथा स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’वर बेतलेली आहे, आणि हस्तरच्या नावाशी जुळणारे नाव अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढपाळांच्या एका कल्पित देवाला दिले होते. मात्र एवढ्या खुलाशाने प्रश्न मिटत नाही, कारण रचलेला देव इतक्या जाणत्या प्रेक्षकांना परंपरेतला का वाटावा, हे त्यातून उलगडत नाही.

याचे एक उत्तर संस्कृत काव्यशास्त्रात मिळते. रससिद्धान्ताचा भाष्यकार अभिनवगुप्त याने रसास्वादात येणारे अडथळे, म्हणजे रसविघ्ने, सांगताना पहिले स्थान संभाव्यतेच्या अभावाला दिले आहे. जे घडू शकेल असे प्रेक्षकाला वाटतच नाही, त्यात त्याचे मन रमत नाही. म्हणून अलौकिक कृत्ये दाखवायची असतील तर रामादिकांसारखी प्रख्यात नावे घ्यावीत, असा उपाय तो सुचवतो, कारण त्या नावांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास उभा असतो. ‘तुंबाड’ने असे नाव घेतले नाही, पण पुराणकथेची घडण मात्र पूर्णपणे उचलली. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र सोने आणि धान्य दोन्हींवर हक्क सांगतो. धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला वाचवते, पण त्याची पूजा कधीही होणार नाही, या अटीवर. शाप आणि उःशाप ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ही मांडणी परकी वाटत नाही, आणि वाडा, केशवपन केलेली विधवा व न थांबणारा पाऊस यांनी उरलेली संभाव्यता पुरवली.

पुराणात नसूनही पुजला जाणारा देव म्हणजे पुण्यातील कोथरूडचे ग्रामदैवत म्हातोबा. अठरा महापुराणांत त्याचे आख्यान नाही, तरी गावठाणाच्या भोवती उपनगर वाढले, वाड्यांच्या आणि शेतांच्या जागी सोसायट्या आल्या, आणि त्याची पूजा चालूच राहिली. हस्तरची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याला रेखीव आख्यान आहे, पण पूजा नाही. या दोघांना शेजारी ठेवले की देवाचे देवपण कथेत असते की उपासनेत, हा जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. यज्ञवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेचे उत्तर निःसंदिग्ध आहे. जैमिनिसूत्रांच्या नवव्या अध्यायातील देवताधिकरणावर भाष्य करताना शबरस्वामी देवतेला शरीर असते, ती हवी खाते आणि प्रसन्न होऊन फळ देते, ही समजूत नाकारतो. त्याच्या मते कर्म प्रधान आहे आणि देवता त्याचे अंग आहे. देवांच्या रूपपराक्रमांच्या कथा अर्थवाद ठरतात, म्हणजे विहित कर्माची स्तुती किंवा निषिद्धाची निंदा करणारी वाक्ये ठरतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात देवतांना शरीर असते, ही बाजू धरली, आणि भक्तिमार्गाला तीच जवळची वाटते. तरी हस्तर समजून घेण्यासाठी मीमांसेचा मार्ग अधिक उपयोगी आहे.

मीमांसेत याग म्हणजे देवतेला उद्देशून केलेला द्रव्यत्याग. आपल्या वस्तूवरचा हक्क देवतेसाठी सोडणे, हा त्याचा गाभा. चित्रपटाचा नायक विनायकराव हस्तरसमोर कणकेची बाहुली ठेवतो, पिठाचे रिंगण आखून त्यात बसतो, ठरलेला क्रम कसोशीने पाळतो, आणि हस्तर बाहुलीला भिडला की त्याच्या लंगोटातून मोहरा हिसकावतो. द्रव्य आहे, देवता आहे, विधीही आहे, पण त्याग नाही. जे दिले ते आमिष आहे. यागाची सर्व बाह्य अंगे राखून त्याचा प्राण काढून घेतलेले हे कर्म आहे, आणि प्रेक्षकाला जाणवणारी भीती हस्तरच्या लाल देहापेक्षा या विपरीत विधीतून अधिक येते.

बहुतेकांनी चित्रपटाचा अर्थ लोभाचा निषेध असा लावला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण फळाची इच्छा धर्माने सरसकट निषिद्ध मानलेली नाही. स्वर्गाच्या किंवा वृष्टीच्या कामनेने करायची काम्यकर्मे वेदातच विहित आहेत, आणि नवसही कामनेतूनच बोलला जातो. नवस फेडताना माणूस स्वतःचे काही सोडतो, म्हणून तो उपासनेच्या कक्षेत राहतो. देवाला दिलेले दामदुपटीने वसूल करायचे, हा हिशेब मनात धरून जो देवळात जातो, त्याची पूजा मात्र शास्त्रशुद्ध असूनही विनायकरावाच्या बाहुलीजवळ येते. श्रद्धावान प्रेक्षकाला या चित्रपटाने अस्वस्थ केले असेल, तर ती अस्वस्थता योग्य आहे आणि तिचा विचार गांभीर्याने व्हायला हवा.

१९१८ पासून १९४७ पर्यंत पसरलेल्या या कथेत खरा त्याग एकदाच घडतो. शापाने विद्रूप झालेला विनायकराव मोहरांनी भरलेला लंगोट मुलापुढे धरतो आणि पांडुरंग तो घेत नाही. हा नकार कोणत्याही देवतेला उद्देशून नाही, म्हणून मीमांसेच्या व्याख्येप्रमाणे तो याग ठरत नाही. तरीही संपूर्ण चित्रपटात धर्म्य म्हणावी अशी कृती तेवढीच आहे.