तितिक्षा म्हणजे गेंड्याची कातडी?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 14.

भगवान अर्जुनाला सांगतात, इंद्रियांचा विषयांशी स्पर्श झाला की थंडी-उष्णता, सुख-दुःख जाणवतं. हे सगळं येतं आणि जातं, कायम राहत नाही. म्हणून ते सहन कर. या सहन करण्यालाच आपण तितिक्षा म्हणतो.

आपल्या पिढीने या श्लोकाचा एक शॉर्टकट काढलाय. 'लोड घेऊ नको', 'मनाला लावून घेऊ नको', 'कातडी जाड कर'. टीममधल्या कुणाची नोकरी गेली की ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकायचा आणि पुढच्या तिकिटाकडे वळायचं. आत काही हललं नाही, तर त्याला समत्व म्हणायचं. पण काहीच न जाणवणं म्हणजे तितिक्षा का?

श्लोकात शब्दच 'स्पर्श' आहे, तेव्हा त्वचेकडेच बघू या. मोठ्या माणसाच्या अंगावर साधारण दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते. सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा. पाणी, धूळ, जंतू तो बाहेर अडवतो, झिजतो आणि खालून नव्या पेशी वर येत राहतात. त्याच्या खालच्या थरात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं आणि स्पर्श, दाब, उष्णता, वेदना कळवणारी मज्जातंतूंची टोकं. त्याखाली चरबीची गादी. म्हणजे वर पहारा आणि आत जाणीव. एकाच त्वचेला दोन्ही कामं दिलेली आहेत. सकाळी घातलेला शर्ट पाच मिनिटांनी अंगाला जाणवेनासा होतो, पण त्याच शर्टावरून मुंगी चालली की लगेच कळतं. सततचा स्पर्श त्वचा सोडून देते, नव्यासाठी जागी राहते. येणारं-जाणारं कसं सोसावं, याचा हा रोजचा पाठच आहे.

आता ही जाणीव गेली तर काय होतं? आपल्या पनवेलजवळ, नेऱ्याला, कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचं काम तिथे कित्येक दशकं चालू आहे. कुष्ठरोगाचे जंतू त्वचा आणि तिच्याकडे जाणारे मज्जातंतू यांच्यावर हल्ला करतात. 'हात-पाय झडतात' असं आपण ऐकत आलो, पण जंतू बोटं खात नाहीत. वेळेवर उपचार झाले नाहीत तर हाता-पायांची संवेदना जाते. मग गरम भांडं हातात धरलेलं कळत नाही, चपलेतला खिळा टोचलेला कळत नाही. जखम होते, चिघळते, आणि न कळलेल्या अशा जखमांमधून हळूहळू बोटं जातात. वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड म्हणूनच वेदनेकडे देणगी म्हणून बघायचे.

बधिरपणा हा आजार आहे. तितिक्षेला तर वेदना आधी जाणवावी लागते. जे जाणवलंच नाही, ते सहन काय करणार?

आणि हा आजार फक्त शरीराला होतो असं नाही. कुष्ठरोगावरची बहुविध औषधोपचार पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली सुचवली. त्या औषधांनी रोग पूर्ण बरा होतो. तरीही जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे आपल्या देशात घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. ते कायद्यातून काढलं गेलं 2019 साली. मधली 38 वर्षं बधिर कोण होतं?

पैठणच्या नाथमहाराजांच्या दोन कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गोदावरीत स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला. नाथ तितक्या वेळा, कथेत 108 वेळा, शांतपणे नदीवर परत गेले. दुसरी कथा तापलेल्या वाळवंटाची. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातलं एक पोर चटक्यांनी रडत होतं. नाथांनी ते उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. या कथा मी वेगवेगळ्या समजायचो, आज एकत्र वाचाव्याशा वाटतात. स्वतःच्या अंगावरची थुंकी ज्याने सोसली, त्याला दुसऱ्याच्या पायाचा चटका सोसवला नाही. गेंड्याची कातडी असती तर पहिली गोष्ट सहज जमली असती, दुसरी कधीच घडली नसती. भगवंतांनी सहन करायला सांगितलं ते आपल्या वाट्याचं. दुसऱ्याचं दुःख बघून 'येतं आणि जातं' म्हणणं हा श्लोकाचा गैरवापर आहे.

भक्तिशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यातले तीन त्वचेवरच उमटतात : घाम, रोमांच आणि रंग उतरणं. नामस्मरणात अंगावर काटा यायचा असेल तर त्वचा जिवंतच हवी.

आजचा अभ्यास : दिवसभरात जे टोचेल, त्यापुढे एकच प्रश्न ठेवा. हे माझ्या वाट्याचं आहे की दुसऱ्याच्या? माझं असेल तर थोडं थांबायचं, जाऊ द्यायचं. दुसऱ्याचं असेल तर एक फोन करायचा, इमोजी नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो लपवू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाची औषधं तिथे मोफत मिळतात. घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनकाकांनाही हे सांगा.

उद्या श्लोक 15.

रामकृष्णहरी 🙏