जखमी माणूस बोलत नाही



गेल्या उन्हाळ्यात सुट्टीच्या शिबिरात चर्चच्या मागच्या मैदानात मुलांचा फुटबॉलचा सामना चालला होता. पंच मीच होतो. उंच आलेला चेंडू डोक्याने मारायला दोन मुले एकदम उडाली आणि डोक्यावर डोके आदळले. तो आवाज मैदानाच्या या टोकाला मला ऐकू आला. एक मुलगा खाली पडला, आठ-दहा सेकंद तसाच पडून राहिला, मग उठून कपडे झटकू लागला. मी जवळ जाऊन विचारले, "बरा आहेस ना रे?" तो म्हणाला, "हो फादर, काही नाही झालं." मी शिट्टी वाजवली आणि खेळ पुढे सुरू झाला. नंतर त्याने एक गोलही केला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतले.

संध्याकाळी घरी त्याला दोन उलट्या झाल्या. आईने गोलाचे कौतुक केले, तर त्याला कसला गोल ते आठवेना. रात्रीच गाडी करून त्याला लातूरला नेले. देवाच्या कृपेने मेंदूत रक्तस्राव नव्हता. काही आठवडे विश्रांती घेऊन तो बरा झाला आणि आज पुन्हा शाळेत जातो आहे. त्याच्या आईवडिलांना विचारूनच मी हे लिहितो आहे. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट वडील म्हणाले, "फादर, तुम्ही विचारलं होतं की त्याला."

हेच वाक्य तेव्हापासून माझ्या मनाला टोचत राहिले आहे. मी विचारले होते, हे खरे. पण विचारले कोणाला?

पाय मोडला तर माणूस ओरडून सांगतो. कारण दुखतो तो पाय आणि सांगतो तो मेंदू. पण मार मेंदूलाच बसला तर सांगणार कोण? कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो आतल्या आत हलतो. बाहेर टेंगूळही दिसत नाही, पण आतले काम काही काळ बिघडते. डॉक्टर याला कंकशन म्हणतात. असा माणूस चालतो, बोलतो, धावतो. पण आपल्याला काही झाले आहे हे ओळखण्याची त्याची शक्तीच दुबळी झालेली असते. अशा वेळी मी त्या मुलाच्या मेंदूला विचारले, "तू ठीक आहेस का?" म्हणजे ज्याच्याविषयी शंका होती, त्यालाच मी न्यायाधीश केले.

ही चूक मोठमोठ्या मैदानांवरही झाली आहे. १३ जुलै २०१४ रोजी रिओ येथे जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना होता. सतराव्या मिनिटाला जर्मनीच्या ख्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याचा जोराचा मार बसला. तो उठला आणि आणखी सुमारे चौदा मिनिटे खेळला. मग त्याने पंचांजवळ जाऊन विचारले, "हा अंतिम सामनाच आहे ना?" पंचांना आधी ती थट्टा वाटली. नंतर त्यांनी जर्मनीच्या श्वाइनस्टायगरला सांगितले आणि क्रामरला बाहेर काढण्यात आले. जगातले कोट्यवधी लोक तो सामना पाहत होते. पण आपण कोठे आहोत हे त्या एका माणसालाच कळत नव्हते, आणि बराच वेळ कोणाच्या ते ध्यानातही आले नाही.

हा झाला एका मोठ्या माराचा प्रश्न. त्याहून अवघड प्रश्न लहान लहान मारांचा आहे. इंग्लंडचा जेफ ॲसल हा डोक्याने गोल करण्यात पटाईत असलेला खेळाडू २००२ साली वयाच्या ५९ व्या वर्षी वारला. शेवटच्या वर्षांत त्याची स्मृती गेली होती. कामामुळे जडलेल्या आजाराने हा मृत्यू झाला, असा निर्णय तेथील चौकशी अधिकाऱ्यांनी दिला. त्याचे काम म्हणजे चेंडू डोक्याने मारणे! पुढे २०१९ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची माहिती तपासली. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत मेंदू झिजण्याच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे साडेतीन पट आढळले. नंतरच्या अभ्यासात असेही दिसले की, चेंडू सहसा हाताने अडवणाऱ्या गोलरक्षकांना हा धोका फारसा वाढलेला नव्हता. बचावफळीतल्या खेळाडूंना मात्र तो सुमारे पाचपट होता. याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण कमी होते, हेही सांगितले पाहिजे. खेळ शरीराला चांगलाच आहे. प्रश्न डोक्याचा आहे.

अमेरिकेत फुटबॉल नावाचा वेगळाच, धडकांचा खेळ आहे. तेथे २००२ साली माइक वेबस्टर या नावाजलेल्या खेळाडूच्या मृतदेहाची तपासणी बेनेट ओमालू या डॉक्टरांनी केली. ओमालू मूळचे नायजेरियाचे आणि श्रद्धावान कॅथोलिक आहेत. वेबस्टरच्या मेंदूत त्यांना वारंवार बसलेल्या मारांच्या खुणा आढळल्या. त्यांचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या खेळाच्या संघटनेच्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून तगादा लावला. ओमालू डगमगले नाहीत. मेलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते.

आता कोणी म्हणेल, "फादर, खेळाडू आपल्या खुशीने खेळतो. धोका त्याला ठाऊक असतो. आपण मध्ये पडणारे कोण?" हा प्रश्न खरा आहे. नीतिशास्त्रात संमतीला मोठे मोल आहे. पण संमती खरी ठरायला दोन गोष्टी लागतात: जाणीव आणि मोकळीक. दहा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतल्या विस्मरणाची जाणीव कोठून असणार? आणि चारचौघांत मित्र हाका मारत असताना, प्रशिक्षक डोळे वटारून पाहत असताना, "मला चक्कर येते आहे" म्हणण्याची मोकळीक कितीजणांना असते? आपल्याकडे तर पडलेल्या पोराला पहिला शब्द ऐकू येतो, "ऊठ, रडतोस काय पोरीसारखा!" मग तो उठतो. त्या उठण्याला संमती म्हणायचे का?

दुसरा आक्षेप मला आपल्याच एका घरी ऐकायला मिळाला. "आमची पोरं ऊसतोडीला जातात, फादर. रात्री भरल्या ट्रॅक्टरवर बसून येतात. तिथं त्यांची काळजी कोण करतं? आणि तुम्ही खेळातल्या टकरीचं घेऊन बसलात." मी गप्प झालो, कारण त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण घरी येताना वाटले, भाकरीसाठी पत्करावा लागणारा धोका हा आपल्या समाजाचा अन्याय आहे. तो दूर करायला हवा. एका ठिकाणी आपली मुले बेवारस आहेत, म्हणून दुसऱ्या ठिकाणीही त्यांना बेवारस ठेवायचे, हा काही न्याय नव्हे. मैदान तरी आपल्या हातात आहे.

मग हा खेळ सोडून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. ख्रिस्तसभा खेळाची वैरी नाही. संत पौलाने श्रद्धेचा मार्ग समजावताना धावण्याच्या शर्यतीचाच दाखला दिला. पण त्याच पौलाने शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असेही करिंथकरांना बजावले. व्हॅटिकनने २०१८ साली खेळाविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. ज्या खेळात शरीराला गंभीर इजा होणे अटळच आहे, तो नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे आणि मेंदूच्या इजेचा वेगळा उल्लेखही आहे. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मुष्टियुद्धात समोरच्याच्या डोक्यावर ठोसा मारून त्याला बेशुद्ध पाडणे हा विजयाचा एक मार्गच आहे. फुटबॉलमध्ये तसे नाही. तेथे डोक्याची इजा हा खेळाचा हेतू नसून खेळातला दोष आहे. हेतूच वाईट असेल तर कृती सोडावी लागते. दोष असेल तर तो दुरुस्त करता येतो. दुरुस्त करता येत असूनही जो करत नाही, त्याच्यावर मात्र जबाबदारी येते.

खेळाचे नियम काही सीनाय पर्वतावरून आलेले नाहीत. शब्बाथ माणसासाठी आहे, असे प्रभूने सांगितले. मग खेळ माणसासाठी नाही का? अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची मनाई झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात हेडिंग नको, असे ठरवले. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येतो. अशाने खेळ मरत नाही. खो-खो मातीवरून मॅटवर गेला, म्हणून काय तो संपला? आपल्याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

नियमांइतकेच महत्त्व बघणाऱ्यांच्या मनालाही आहे. १९७६ साली वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनच्या कसोटीत आपल्या अंशुमन गायकवाड यांच्या कानावर मायकेल होल्डिंगचा चेंडू आदळला. तेव्हा हेल्मेट नव्हते. ८१ धावांवर त्यांना मैदान सोडावे लागले. त्या सामन्यातल्या प्रेक्षकांच्या आरोळ्यांबद्दल सुनील गावस्कर यांनी ‘सनी डेज’ या पुस्तकात संतापाने लिहिले आहे. आरोळी ठोकणाऱ्याने चेंडू टाकलेला नसतो, हे खरे. पण दुसऱ्याच्या रक्ताची मजा वाटू लागली, तर आपल्या आत काहीतरी मेलेले असते.

त्याच वेस्ट इंडीजमधली दुसरी गोष्ट. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला आणि कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त हवे होते. ते देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा म्होरक्या! काँट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत, पण ते वाचले. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी तब्बल साठ वर्षांनी, २०२२ साली, मुंबईत काढण्यात आली. वॉरेलच्या नावाने कोलकात्यात अजूनही रक्तदान होते.

हे वाचताना मला शोमरोन्याचा दाखला आठवला. लूकच्या शुभवर्तमानातला तो दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात या प्रसंगानंतरच आली. वाटेवर अर्धमेला पडलेला तो माणूस साऱ्या दाखल्यात एक शब्दही बोलत नाही. तो मदत मागत नाही, विव्हळल्याचेही प्रभूने सांगितलेले नाही. याजक आणि लेवी पुढे निघून गेले. कदाचित "त्याने हाक तर मारली नाही" अशी समजूत त्यांनी करून घेतली असेल. शोमरोन्याने हाकेची वाट पाहिली नाही. त्याने पाहिले, त्याला कळवळा आला आणि तो जवळ गेला.

मी मात्र त्या दिवशी जवळ जाऊनही पाहिले नाही, फक्त विचारले. काईनाने देवाला उलट प्रश्न केला होता की, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? मेंदूच्या इजेच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अगदी उघड आहे. जखमी भाऊ स्वतःची राखण करू शकत नाही, म्हणून ती तुझ्याकडे आणि माझ्याकडे आली आहे.

म्हणून आपल्या धर्मग्रामापुरते काही ठरवले आहे. बारा वर्षांखालील मुलांच्या खेळात चेंडू डोक्याने मारायचा नाही. मुलगा असो वा मुलगी, डोक्याला जोराचा मार बसला की खेळाडू त्या दिवशी बाहेर. त्याला विचारायचे नाही, आणि तो रडला, रुसला तरी ऐकायचे नाही. घरी निरोप त्याच वेळी जाईल. डॉक्टरांनी होकार दिल्यावरच पुन्हा मैदानात. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर "झोपू दे, सकाळी पाहू" असे न म्हणता लगेच रुग्णालयात न्यावे. आणि मुलांनो, मित्र गोंधळल्यासारखा वाटला तर मला येऊन सांगा. ती चहाडी नव्हे, ते शोमरोन्याचे काम आहे.

यंदाच्या सणाच्या सामन्यात कदाचित गोल कमी होतील. चालेल. शिट्टी पुन्हा माझ्याच हातात असेल, आणि या वेळी ती लवकर वाजेल.

जे बोलू शकत नाहीत त्यांची वेदना ओळखणारे डोळे प्रभू आपणा सर्वांना देवो.

तुमचा प्रभूमध्ये,
धर्मग्रामाचा फादर