दुष्काळ, धान्य आणि धर्म

सिल्लोड तालुका आज मका आणि मिरचीसाठी ओळखला जातो. पण 1900 सालच्या दुष्काळात मका थेट न्यूयॉर्कहून जहाजाने मुंबईला आला होता. जहाजाचे नाव 'क्विटो'. तिथल्या 'ख्रिश्चन हेराल्ड' साप्ताहिकाने पुढाकार घेतला आणि देशी माणसांच्या भुकेसाठी परदेशी वाचकांनी खिशात हात घातला. त्या काळात दुष्काळ-निवारणाचे काम करणारे नगरचे अमेरिकन मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. या मदतीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न तिच्याबरोबर येणाऱ्या शुभवर्तमानाचा आहे, आणि तो मराठी मुलखात दोनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे.

सुरुवातीच्या मिशनऱ्यांना तो पडला नसावा. गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला. त्याच्या मनातला क्रम सोपा होता: आधी वचन, मग शाळा, जमेल तिथे औषध. 1826 मध्ये नाशिक भागात पटकीची साथ होती. जवळची औषधे रोग्यांना देत तो फिरला आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने गेला. तोवर बाप्तिस्मा घेणारे बोटांवर मोजण्याइतके होते. देण्यासारखे फारसे नसलेल्या उपदेशकावर कोणी आमिषाचा आरोप करत नाही. तो आरोप धान्याच्या गोदामाबरोबर येतो.

मराठवाड्यात मिशनच्या सेवेच्या विचाराला पहिले मोठे वळण नारायण शेषाद्रींनी दिले. सिल्लोडहून भोकरदनमार्गे जालन्याला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे, कोण जाणे. हा ब्राह्मण तरुण 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाच्या निकालाने घरी परतला. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले आणि त्यासाठी त्यांनी लोकांचा रोष पत्करला. नारायणरावांनी मात्र पुढे निजामाच्या मुलखात येऊन जालन्याला काम मांडले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या दरबारातून जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसले. तिथे आलेले बहुतेक मांग-महार समाजातले होते.

परक्या संस्कृतीतली सेवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टोपीवाला गोरा साहेब येतो. मला वाटते, त्या शतकातले सर्वांत लांबचे अंतर ब्राह्मण आळी ते मांगवाडा हेच होते. बोटीचा प्रवास त्यापुढे किरकोळ. आणि शेषाद्रींना एक गोष्ट कळली होती: गावकीतून तुटलेल्या माणसाला वचनाइतकीच जमीन लागते. पण याच उपायात एक अडचण होती. वेगळे गाव वसवले की शेजार तुटतो, आणि नवा ख्रिस्ती मिशनच्या आश्रयाला बांधला जातो. मिशनने दिलेली सुरक्षितता कुठे संपते आणि मिंधेपण कुठे सुरू होते, हे त्या माणसालाही सांगता आले नसते.

1876 ते 78 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात बाप्तिस्म्यांचे आकडे झपाट्याने वाढले. भुकेपोटी आलेला माणूस ख्रिस्ती म्हणायचा का, ही शंका खुद्द मिशनऱ्यांमध्येही होती. टीकाकारांकडे उत्तर तयार होते, भक्तांकडेही तयार होते. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला भाकरीबरोबर मानही हवा असतो. दोन्ही एकाच दारातून मिळाले तर त्याने कशासाठी पाऊल टाकले, हे ठरवणारे आपण कोण?

पंडिता रमाबाईंचा अनुभव आतला होता. त्यांचे आईवडील दुष्काळाच्या उपासमारीतच गेले होते. 1896-97 मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली, विधवा यांना घेऊन केडगावला आल्या. 1897 मध्येच पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना कशी वागणूक मिळते, यावर त्यांनी जाहीर पत्र लिहिले. सरकारही ख्रिस्ती, लिहिणारीही ख्रिस्ती. संकटात सत्तेला सुनावणे हाही सेवेचा भाग असतो, ही भर रमाबाईंची. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनातल्या धर्मांतरांवर झालेली टीका मात्र सगळीच खोटी म्हणून झटकता येत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर मिशनची चौकटच सोडली. 1917 मध्ये पगारी काम सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दीड-दोन वर्षांतच ते गेले आणि प्रयोग अर्धा राहिला. पण बाप्तिस्म्यांची मोजदाद सोडून देण्याचे धाडस तिथे पहिल्यांदा दिसले.

स्वातंत्र्यानंतर नागपुरात नेमलेल्या नियोगी समितीने 1956 मध्ये मिशनांच्या कामावर कडक अहवाल दिला. संशय कायमचा झाला. मग 1972 चा दुष्काळ आला. सुकडी, लाल मिलो, खडी फोडणारी माणसे. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हे सांगावे लागत नाही. धान्य पुन्हा अमेरिकेचे होते, पण नगरला काम करणाऱ्या एका स्विस जेसुइटाचा, हर्मन बाखर यांचा, विचार वाटपाच्या पलीकडे गेला. दर दुष्काळात वाटप करण्यापेक्षा पाणी जिरवावे, हे त्यांनी लावून धरले. पुढे भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम आणि 1993 मध्ये 'वॉटर' ही संस्था उभी राहिली. अटी होत्या श्रमदानाच्या, चराईबंदीच्या आणि कुऱ्हाडबंदीच्या. बाप्तिस्म्याची अट नव्हती. शिवारात मुरलेले पाणी कोणत्या विहिरीत उतरायचे, हे कुठलाही पाद्री ठरवू शकत नाही. बेथेलने वेगळे गाव वसवले होते, इथे आहे तेच गाव सगळे मिळून राबले.

सिल्लोड, भोकरदन, जालन्याच्या पट्ट्यात पाऊस यापुढेही दगा देणार आहे आणि मदतीला येणाऱ्यांत चर्चही असणार आहेत. त्यांना एक विनंती. जुन्या मिशनांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, दुष्काळी वाटपाचे हिशेब आणि पत्रव्यवहार जिथे कपाटात पडून असतील, तिथून काढून मराठी अभ्यासकांसाठी खुले करा. भाकरी आधी की बाप्तिस्मा आधी, हा वाद वर्षानुवर्षे नुसत्या तर्कावर चालला आहे. त्याच्या तारखा त्या वह्यांत सापडतील, आणि त्यातल्या काही चर्चला अडचणीच्याही असतील.