वाहन आणि परिग्रह

अमेरिकेतील ओहायो राज्यात, टोलीडो येथे, जीप रँग्लर आणि जीप ग्लॅडिएटर ही दोन वाहने तयार होतात. पहिले डोंगरवाटा तुडवणारे, तर दुसरे, २०१९ साली बाजारात आलेले, त्याच घराण्यातले, परंतु पाठीवर पाच फुटी उघडा हौदा वागवणारे भावंड. चार दारांच्या रँग्लरच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे ११८ इंचांचे अंतर, ग्लॅडिएटरच्या १३७. या १९ इंचांमुळेच खडकाच्या उंचवट्यावर दुसऱ्याचे पोट आधी टेकते आणि अरुंद वळणावर त्याला मागेपुढे करावे लागते. तांत्रिक तक्रार इथेच दाखल करून दप्तर बंद करू.

खरा प्रश्न निराळाच आहे: माणूस वाहन निवडतो तेव्हा तो गरज निवडतो, की स्वतःची एखादी कल्पित प्रतिमा? जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह, म्हणजे संग्रहाचा दोष, वस्तूत न मानता आसक्तीत मानला. त्या न्यायाने शेणखत, ओली लाकडे आणि पेट्रोलचा डबा वाहून चरे पडलेला हौदा परिग्रह ठरत नाही, आणि कधीकाळी वाळवंटात जाऊ म्हणून घेतलेले, प्रत्यक्षात किराणा दुकानाच्या आवारापलीकडे न गेलेले वाहन, कर्जमुक्त असले तरी, परिग्रहच ठरते. अर्थात हौद्यालाही आपला मोह आहेच; रिकामी जागा दिसली की ती भरण्याची वासना उपजते. म्हणून ज्याच्याकडे ओझे वाहण्याचे काम खरोखर निघते त्याने ग्लॅडिएटर घ्यावी; युटातील मोॲबचे खडक चढण्याचा ज्याचा नेम पक्का आहे त्याने रँग्लर; बाकीच्यांना साधी मोटार पुरे, हे माझे मत विक्रेत्यांना अर्थातच रुचणार नाही.