काचेआडचे टीपॉय

बैठकीच्या खोलीतल्या बुटक्या मेजाला हल्ली 'कॉफी टेबल' म्हणतात. आपण त्याला टीपॉय म्हणत आलो. त्यावर कॉफी क्वचितच येते, ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या मात्र नक्की येतात. हे टीपॉय आता मोबाइलवर चित्र पाहून मागवले जाते. पैसे आधी जातात, वस्तू मागाहून येते, आणि खोके उघडले की घरात वाद सुरू होतो. मापे लिहिल्याप्रमाणेच आहेत, मोडतोड नाही. पण रंग काळपट वाटतो, सोफ्याशेजारी ते ठेंगणे दिसते. दोष नसलेली वस्तू केवळ मनास येत नाही म्हणून परत करणे सचोटीचे आहे काय?

आपल्या फिकहमध्ये या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच झाला आहे. न पाहता खरेदी करणाऱ्याला हनफी फकीहांनी 'खियार-ए-रुयत' दिला, म्हणजे पाहिल्यावर सौदा ठेवण्याचा अथवा मोडण्याचा हक्क. त्यासाठी दोष दाखवावा लागत नाही. कोकणातले मुसलमान ज्यांच्या मार्गाने चालतात त्या इमाम शाफिईंचे नंतरचे मत अधिक कडक : एखादी नेमकी वस्तू न पाहता घेतली, तर तो सौदाच ग्राह्य नाही. आपल्या देशाचे 2020 चे ई-कॉमर्स नियम मात्र एवढेच सांगतात, की माल सदोष असेल किंवा वर्णनाबरहुकूम नसेल तर विक्रेत्याने तो परत घेण्यास नकार देऊ नये. मन न भरण्याची तिथे दखल नाही.

'पाहणे' म्हणजे काय, याचा फकीहांनी काढलेला कीस मला विशेष वाटतो. काचेच्या बरणीतले तेल बाहेरून न्याहाळणे इमाम अबू हनीफांच्या मते पाहणे नव्हे. ते तळहातावर ओतून घ्यावे लागते. आरशातले प्रतिबिंबही पुरत नाही. उलट अंध ग्राहकाने स्पर्शाने कळणारी वस्तू चाचपली, की त्याचे पाहणे पूर्ण झाले. मोबाइलचा पडदा ही काचच. टीपॉय कळते हाताला : पाय हलवून, फळीवर बोटे वाजवून, उलटे करून. वर शिसवीचा रंग असतो आणि खाली भुसा दाबून केलेली फळी निघते. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा शोधणाऱ्या पैगंबरांनी (स.) व्यापाऱ्याला हेच विचारले होते, की भिजलेले वर का ठेवले नाहीस?

तेव्हा संमती पाहण्याआधी पुरी होत नाही, आणि पाहून परत करणाऱ्याला अपराधी वाटण्याचे कारण नाही. हजरत उस्मान आणि हजरत तल्हा यांच्यात न पाहिलेल्या जमिनीचा व्यवहार झाला, तेव्हा निवाडा करणाऱ्या जुबैर इब्न मुतइम यांनी हा हक्क खरेदीदार तल्हांचा ठरवला, विक्रेत्याचा नाही.

परंतु हा हक्क घेण्याचा इरादा असलेल्याचा आहे. तीन टीपॉय मागवून दोन परत धाडायची, हे आधीच ठरवणाऱ्याने दोन सौद्यांना कधी होकार दिलेलाच नसतो. ईदचे पाहुणे उरकेपर्यंत वापरून मग 'पसंत नाही' म्हणणारा तर पाहून झाल्यावरही मालकासारखा वागला आहे. फिकहनुसार त्याचा हक्क तिथेच संपतो. विक्रेत्याला हे कळायला मार्ग नसतो. आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत ते जड खोके चौथ्या मजल्यावर चढवून पुन्हा उतरवणाऱ्या पोराला तर कोणी विचारतही नाही.