कानतुटकी कपबशी

एका कपबशीवरून आमच्यात भांडण लागलंय आणि ते अजून मिटलेलं नाही. मिटत नाही म्हणूनच इथं मांडतोय.

धानाची नवी आवक सुरू व्हायच्या आधी आमची राइस मिल चार दिवस बंद होती. पट्टे बदलायचे, पॉलिशर खोलायचा, वर्षभराची धूळ काढायची. तेवढ्यात आम्ही गोरेगावचे चौघं दोन मोटारसायकली काढून एक छोटं संग्रहालय बघायला गेलो. कुठलं ते सांगत नाही. भांडण त्या घराशी नाही. असली घरं ठिकठिकाणी आहेत, एक पाहिलं की दुसरं ओळखता येतं.

आत दोन खोल्या. तलवारी, नाणी, अडकित्ते, पानाचे डबे, पितळेची घंगाळं. म्हणजे ज्यांच्या घरात ठेवायला काही होतं त्यांच्या घरातून आलेलं सामान. इतिहास म्हणजे काय, तर श्रीमंताची माळ्यावरची अडगळ! हे मी तिथंच बोललो आणि तिकीट फाडणारा म्हातारा हसला. चांगला माणूस होता.

मागच्या अंगणात मात्र उघड्यावर अख्खं गाव मांडलं होतं. सिमेंटची माणसं, रंग दिलेली. लोहार भाता ओढतोय, कुंभाराचं चाक, सुताराची करवत, उखळात धान कांडणारी बाई. बाईचे हात गोरे, गुळगुळीत. माझ्या आजीचे तळवे बघा एकदा. मुसळानं पडलेले घट्टे अजून गेले नाहीत. आणि खाली पाटी की हातसडीचा तांदूळ आरोग्याला उत्तम. हो, उत्तमच. ज्याला कांडावा लागत नाही त्याच्या आरोग्याला जास्तच उत्तम.

आणि आम्ही? आम्ही होतो ना! बलुतेदारांच्या जुन्या याद्यांत थोरल्या ओळीत सुतार-लोहाराबरोबर महाराचं नाव येतं, ते गाळून बारा भरत नाहीत. वेशीपाशी एक काळा पुतळा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, किंचित वाकलेला. खाली लिहिलेलं: गावाचा राखणदार. आणि तो हसत होता.

त्या हसण्यावर आम्ही चौघं थांबलो.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरचं जे भाषण लिहिलं, जे त्यांना करू दिलं नाही म्हणून त्यांनी छापलं, त्यात पेशवाईतल्या पुण्याची हकिकत आहे. अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधायचा, आपलीच पावलं पुसत चालायचं. गळ्यात मडकं, थुंकी त्यात. आमच्यातला एक, शाखेचं काम करणारा, तापून म्हणाला, या पुतळ्याच्या गळ्यात मडकं घाला. घालत नसाल तर उद्या निवेदन देतो, परवा मोर्चा. दुसरा म्हणाला, कशाला? शाळेची पोरं येतात इथं. आपल्या वस्तीतलं पोरगं वर्गाच्या रांगेत उभं असेल, गुरुजी मडकं दाखवतील, चाळीस डोळे त्या पोराकडं वळतील. तू नवं मडकं घालतोयस, पुतळ्याला नाही, पोराला.

दोघांचंही खरं होतं. इथंच माझी पंचाईत झाली.

तिसरी गोष्ट मला सुचली ती तिथं नाही, परत येताना सुचली. आमच्या घरात माझ्या आज्याच्या बापाचा हातमाग होता. ओसरीत मागाचा खड्डा होता, तो पुढं बुजवला. भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या महारांत जाडंभरडं कापड विणणारे पुष्कळ होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले, त्यातही हे नोंदलंय. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचं स्वस्त कापड बाजारात आलं, माग बसला आणि मागावरची माणसं गिरणीच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणजे आमच्या हातात फक्त काठी नव्हती. धोटा होता. गावाच्या अंगावरचं कापड आम्ही विणलं. ते कापड अंगावर घातल्यावर विटाळ कुठं जात होता, ते एकदा कोणी सांगावं!

मग वेशीवर काय ठेवायचं? काठी, मडकं की माग? फक्त मडकं ठेवलं तर आम्ही नुसते सोसणारे ठरतो. फक्त माग ठेवला तर कारागिरीच्या गोड गोष्टीत मडकं गडप होतं.

मित्रहो, आपल्या लोकांना टाकून देणं चांगलं जमतं. हा टोमणा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगाव घरातले देव बाहेर निघाले. आमच्या आज्यानं देवघराचा पाट उचलला आणि मरीआईसकट सगळं बोडीत सोडून दिलं. त्यानं ते संग्रहालयासाठी राखून ठेवायला हवं होतं, असं कोणी संशोधक म्हणाला तर मी त्याच्याशी भांडेन. पाण्यात गेलेल्या त्या देवांमुळंच मी ताठ उभा आहे. सगळंच जपायचं नसतं. काही गोष्टी बुडवूनच माणूस होता येतं.

पण आजीनं एक वस्तू बुडवली नाही. कपबशी. कान तुटलेला कप, काठाला निळी रेघ, बशीला तडा. मालगुजारी १९५१ साली कायद्यानं गेली, वाडा कुठं गेला? आजी लग्न होऊन आली तेव्हा वाड्यावर धान कांडायला जायची. तिचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात. वरून चहा ओतायचे, ती प्यायची, विसळायची, पुन्हा कोनाड्यात ठेवायची. ज्या दिवशी तिनं काम सोडलं त्या दिवशी ती कपबशी पदरात घालून घरी आली. मजुरी बाकी होती ती मागितली नाही, कपबशी आणली. बाबा लहानपणी ती फोडायला निघाले तर तिनं हात धरला. मी विचारलं, आजी, कायले ठेवलीस? ती म्हणाली, "तुयासाठी नाही ठेवली गा. त्यायच्यासाठी ठेवली. उद्या म्हनतीन असं काही नव्हतंच."

ज्या माउलीला सही येत नाही तिला पुरावा म्हणजे काय ते कळत होतं.

जाळायचं की जपायचं, हा प्रश्न महाडलाही होताच. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. आणि नंतर? नंतर बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथांतून मनूचे श्लोक काढून काढून दाखवले. दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. जो माणूस पुस्तक जाळतो तोच त्याचा सगळ्यात बारकाईनं अभ्यास करतो, यात विसंगती मला दिसत नाही. जाळला तो त्याचा अधिकार. ठेवली ती त्याची साक्ष. देव आणि कपबशी यांतला फरकही हाच असावा. देव घरात ठेवला की तो हुकूम सोडतो. कपबशी कोणाला हुकूम सोडत नाही, ती फक्त सांगते.

पण काचेआड गेलेली वस्तू पुन्हा देव होत नाही कशावरून? आम्ही नागपूरजवळ चिचोलीलाही गेलो होतो, शांतिवनात. दीक्षा सोहळ्यासाठी राबलेल्या वामनराव गोडबोल्यांनी तिथं बाबासाहेबांच्या वस्तू जमवल्या, नानकचंद रत्तूंनी त्या सोपवल्या. कोट, टाइपरायटर, रोजच्या वापराच्या वस्तू. आमच्यातल्या मोर्चेवाल्यानं काचेला कपाळ टेकवलं. मीही हात लावला, खोटं कशाला बोलू? आणि बाहेर झाडाखाली बसल्यावर लाज वाटली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हाच कोटवाला माणूस सांगून गेला की राजकारणात भक्ती आली की अधोगती ठरलेली. त्याचाच कोट आणि त्यालाच आमची भक्ती!

मग मला महाडचंच आठवलं. त्याच १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब बायांना म्हणाले होते की जात दाखवणारी लुगड्याची नेसण सोडा, ते कथलाचे दागिने टाका. कापड ही आपल्याकडं साधी गोष्ट नव्हती. कोणी काय घालावं हे गाव ठरवत होतं. तेव्हा तो कोट हे गळ्यातल्या मडक्याला दिलेलं उत्तर आहे. तसं बघितलं तर कोट वाचता येतो. कपाळ टेकवलं की डोळे मिटतात आणि वाचणं बंद होतं. एवढाच फरक करून मी स्वतःची समजूत काढली. ती पुरेशी आहे असं मला वाटत नाही.

पवनीचं सांगायचं राहिलं. जगन्नाथ टेकडीवर वर देऊळ आणि पोटात स्तूप. १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांनी तिथं खोदकाम केलं, तेव्हा सांचीच्या मोठ्या स्तूपाहून मोठ्या व्यासाचा स्तूप निघाला. कठड्याचे खांब निघाले, त्यांवर ब्राह्मी अक्षरं, आणि मुचलिंद नागाचं शिल्प, त्याचं नाव कोरलेलं. नागपूरच का निवडलं हे सांगताना बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला नागलोकांची आठवण दिली होती. तो नाग वैनगंगेच्या काठी मातीखाली पडूनच होता, त्यांच्या भाषणानंतर तेरा-चौदा वर्षांनी वर आला. त्या टेकडीवर उभं राहिलो तेव्हा छाती भरून आली. पायाखालची जमीन आपली, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

पण मी मिलमध्ये पोती उचलणारा. माझं डोकं पोत्यापाशीच जातं. खांबांवर नावं आहेत ती दान देणाऱ्यांची. बायांचीही आहेत, ही मोठी गोष्ट. दगड कोणी ओढला? पाया कोणी खणला? त्याचं नाव आपल्या स्तूपावरही नाही. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सगळे सांगतात. एकटा पाटील टोपल्या वाहत होता काय? आपला-परका सोडा, हमालाचं नाव कोणीच लिहीत नाही.

दूर दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. १९६६ साली सरकारनं ती गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि साठ हजारांवर माणसं उठवली, घरं पाडली. १९९४ मध्ये तिथं संग्रहालय निघालं. जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा अंथरला आणि उठवलेली माणसं येऊन आपलं घर होतं तिथं आपल्या हातानं नाव लिहू लागली. गल्ल्यांच्या पाट्याही तिथं टांगल्या आहेत. त्या ज्यानं जपून ठेवल्या होत्या तो पाडकाम करणाऱ्यांतलाच होता. हे वाचल्यापासून तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. घरं पाडत होता आणि पाट्या घरी नेत होता.

आता भांडणाकडं येतो. निघताना तिकीटवाला म्हातारा म्हणाला होता, तुमच्या घरी काही जुनं असेल तर आणून द्या, ठेवू. मी आजीला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नेजो. पन खाली नाव लिहा लागन."

म्हटलं, लिहू ना आजी, तुझंच नाव.

"माया नाव कायले? वरून ओतत होता त्याचं लिहा. दान त्यानं देल्लं."

पवनीचे खांब ती बघायला आली नव्हती.

मोर्चेवाला म्हणतो, आजी बरोबर आहे, लिहायचंच. नाव नसलं की अपराध हवेत राहतो, 'त्या काळी असं होतं' म्हणून सगळे मोकळे. दुसरा म्हणतो, ओतणारा मेला, नाव वाचणार त्याचा नातू. आणि तो नातू कोण? माझ्याच मिलमध्ये काट्यावर बसतो. वाड्याची वाटणी होऊन होऊन त्याच्या वाट्याला दीड खोली आली. दुपारी आम्ही एका डब्यात जेवतो. त्याच्या आईच्या हातचं आंबील मला आवडतं. जन्मावरून माणसाला मोजायचं नाही हे आपण जगाला सांगतो, मग आज्याचं माप नातवाच्या पदरात कोणत्या तोंडानं घालायचं? उलट बाजूनं पण बघा. मनुस्मृती जाळायचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. वारशात काय आलं ते त्यांनी नाकारलं नाही, हातात धरलं आणि आगीत टाकलं. नातवाला विचारलंच नाही तर त्याला ती संधी तरी कुठं मिळते? त्याच्या वतीनं गप्प बसून मी त्याला वाचवतोय, की माझा डबा वाचवतोय?

नाव लिहायचं तर आधी त्याला सांगून लिहायचं, एवढं मी ठरवलंय. मोर्चेवाल्याला हे पटत नाही. परवानगी मागतोस काय, म्हणतो. परवानगी नाही मागत. पाटीवर वाचायच्या आधी माझ्या तोंडून ऐकावं, इतकंच.

मिल सुरू झालीय. पंधरा दिवस झाले, रोज एका डब्यात जेवतोय. कपबशी फडताळात आहे. आजी रोज संध्याकाळी विचारते, "सांगतलं का गा?"