बक्कल उघडणं, बक्कल लावणं

मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला थेट जाणारं विमान १५-१६ तास हवेत असतं. दोन वर्षांखालच्या मुलाला बहुधा वेगळी सीट घेतलेली नसते, आणि समोरच्या भिंतीला लावायच्या पाळण्यात धावू लागलेलं मूल मावत नाही. म्हणजे सगळा वेळ मांडीवर. आईबाबांच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही. मग बॅगेत नवी खेळणी भरली जातात, टॅबमध्ये कार्टून साठवली जातात.

पण हे १५ तास आपले असतात, मुलाचे नव्हेत. त्याला पोहोचायची घाई नसते. त्याच्यापुढे या घडीला पट्ट्याचं बक्कल असतं. ते उघडतं, ‘टक’ वाजून पुन्हा लागतं. परत उघडतं. चौथ्या खेपेला आपणच कंटाळतो आणि बॅगेतून नवं काहीतरी काढून त्याच्या हातात कोंबतो. खरं तर मूल तेव्हा कामात असतं. ते काम आपण मोडतो आणि पाच मिनिटांनी म्हणतो, हा कशातच रमत नाही!

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. अनुताई वाघांनी ते काम पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. मुलाला काय लागतं हे या दोघींनी मुलांकडेच बघून ओळखलं होतं. विमानातही तेवढं सामान असतंच. कागदी पेला, खिडकीची झडप, आईची ओढणी, डबीतले चुरमुरे. एकेक चुरमुरा चिमटीत धरून तोंडापर्यंत न्यायला केवढा वेळ लागतो! (शेंगदाणे, फुटाणे मात्र नकोत, घशात अडकतात.)

आजी सोबत असली की हे सोपं होतं, कारण तिला तीच गोष्ट दहादा सांगायचा कंटाळा नसतो. न संपणारी कापूसकोंड्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती अशाच माणसांमुळे.

पडद्याचं काय? दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर १ तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. मला ते पटतं. तरीही आईबाबांच्या अंगातलं त्राण संपल्यावर एखाद्या प्रवासात कार्टून लागलं, तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मूल गुंगावं म्हणून सर्दीचं सिरप पाजण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. औषध आजारासाठी असतं, आणि काही मुलं त्या सिरपने झोपायच्या ऐवजी उलट बिथरतात.

शिवाय प्रत्येक रडणं कंटाळ्याचं नसतं. आकाशात विमानातली हवा ६-८ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. उतरताना तिचा दाब वाढत जातो आणि कानाच्या पडद्यावर ताण येतो. लहान मुलांच्या कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते, त्यामुळे त्यांना तो जास्त जाणवतो. गिळलं की ही नळी उघडते. तेव्हा खेळणं नाचवून उपयोग नाही. पाणी, दूध, जे चालत असेल त्याचे घोट द्यावेत. अंगावर पिणारं मूल असेल तर फारच बरं.

एक विनंती लेकरू सोबत नसलेल्या प्रवाशांना. पुढच्या सीटवरून दोन डोळे तुमच्याकडे टकमक बघू लागले, तर हेडफोन काढा आणि ‘बुवा कुक’ करा. मूल पुन्हा पुन्हा मागेल, पुन्हा पुन्हा करा. त्याच्या आईचं जेवण बहुतेक वेळा ट्रेमध्ये तसंच गार होत पडलेलं असतं.